मंत्र, मान आणि ऋण

कल्पित जगातील भूमिका घेऊन खेळावयाच्या खेळांत नियमपुस्तक हीच संहिता होय. तिच्याकडे वाङ्मयीन दृष्टीने पाहण्यास प्रत्यवाय नसावा. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ 1974 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. 2014 मध्ये त्याचा जो संघटित खेळ सुरू झाला, त्यात हार्पर्स, झेन्टारिम आदी पाच गट होते. पात्राने एका गटात सामील व्हावे, गटाचे कार्य करावे आणि प्रतिष्ठेचे गुण मिळवावेत; 3, 10, 25 आणि 50 गुणांवर पदवी चढे. मंत्रसेवेचे दरपत्रकही होते: शापमोचनास 90 सुवर्णनाणी, मृतास उठवण्यास 1,250. पहिल्या चार पातळ्यांतील पात्र मेले, तर गटाचा आश्रयदाता हा खर्च सोशी. मात्र त्या बैठकीतील सारी कमाई पात्राला सोडावी लागे.

ह्या शेवटच्या अटीतच काय तो कथेचा अंकुर आहे. जीव परत मिळतो, पण त्या दिवसाचा पराक्रम नाहीसा होतो. एरव्ही दाता कोण, त्याने का दिले, पुढे तो काय मागेल, ह्याविषयी नियम मुके आहेत. गुण भरले की पदवी ठरलेली. देणाऱ्याला इच्छाच नाही.

मराठी वाचकाला येथे 'नवनाथ भक्तिसार' आठवल्यावाचून राहणार नाही. धुंडीसुत मालूने शके 1741 मध्ये, म्हणजे 1819 साली, पूर्ण केलेला हा चाळीस अध्यायांचा ग्रंथ पंडितांनी फारसा मानला नाही; घरोघर मात्र त्याची पारायणे होत आली. साबरी विद्येसाठी मच्छिंद्रनाथ सप्तशृंगीच्या अंबेला आळवतो, आणि तिने दाखवलेल्या वृक्षावरील दैवतांची सेवा करून त्यांना वश करतो. तेव्हा कुठे मंत्राला बळ येते. हाही एक प्रकारे गटाचा प्रसादच. पण येथे दैवते नकार देऊ शकतात. कानिफाला वर देण्यास देव तयार होत नाहीत, तेव्हा जालिंदरनाथाला त्यांच्याशी युद्ध मांडावे लागते, आणि त्या युद्धात देवांची जी फजिती होते ती मालूने मोठ्या चवीने रंगवली आहे. नकाराची शक्यता असल्यामुळेच वर मिळण्याला घटनेचे मोल येते. मालूची ओवी पुष्कळदा सैल आहे, पुनरुक्तीही खूप. तरी हे मर्म त्याला उमगले होते.

ग्रंथाबाहेर, प्रत्यक्ष गावगाड्यात, हाच व्यवहार छत्तीसगढात दिसतो. रायपूर जिल्ह्यातील अभनपूरचा परिसर भातशेतीचा. तिकडे सावन अमावास्येला हरेलीचा सण असतो. मराठी पंचांगात तीच आषाढ अमावास्या, आपल्याकडे दिव्यांच्या पूजेची. त्या दिवशी अवजारे पुजतात, दारावर कडुनिंबाच्या डहाळ्या खोवतात, आणि बैगा-गुनिया आपल्या शिष्यांना मंत्र देतात. बैगा म्हणजे येथे त्या नावाची जमात नव्हे, गावचा पुजारी आणि मांत्रिक. गाव त्याला धान्य देते, तो गाव राखतो. नात्याचा हिशेब आहे, पण तो कोणत्याही कोष्टकात मांडलेला नाही.

मात्र ह्या नात्याची दुसरी बाजू ना खेळाने पाहिली, ना मालूने. ज्या समजुतीने बैग्याच्या मंत्राला मान मिळतो, तीच समजूत गावच्या मर्जीतून उतरलेल्या एखाद्या बाईला 'टोनही' ठरवते. पिकावरची कीड, लेकराचे दुखणे, सारे तिच्या माथी येते. असा आळ घेऊन छळ करणे हा गुन्हा ठरवणारा कायदा छत्तीसगढ राज्याला 2005 साली करावा लागला. खेळाच्या 2014 च्या नियमपुस्तकात स्पष्ट लिहिले आहे की गंभीर अपराधाने प्रतिष्ठा घटते, परंतु ती शून्याखाली कधीही जात नाही. त्या शून्याखाली ढकललेल्या बाईच्या तोंडून मंत्राची कथा सांगणारे पात्र ह्या संहितेला निर्माण करता आलेले नाही, आणि 'भक्तिसारा'च्या चाळीस अध्यायांतही ते सापडत नाही.