ऑरेगनमधील असमर्थ आरोपी आणि रुग्णालय-प्रवेशाचा अग्रक्रम

ज्या आरोपीस खटल्याचे स्वरूप उमगत नाही व वकिलाशी समंजसपणे विचारविनिमय करता येत नाही, त्याच्यावर खटला चालू शकत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली डस्की खटल्यात या असमर्थतेची कसोटी सांगितली. १९७२ च्या जॅक्सन खटल्यात तिच्या परिणामांना मर्यादा पडली. एकूण ९ डॉलरांच्या दोन जबरी चोऱ्यांचा आरोप असलेल्या एका मूकबधिर इसमास, तो केव्हातरी समर्थ होईल या नावाखाली अनिश्चित काळ डांबून ठेवता येणार नाही, असा तो निर्णय होता. मात्र उपचारासाठी खाट मिळेपर्यंत अशा माणसाने थांबावे कोठे, हा प्रश्न दोन्ही निर्णयांत अस्पर्शितच राहिला. व्यवहारात त्याचे उत्तर तुरुंगाची कोठडी हेच होते.

नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने २००३ च्या मिंक प्रकरणात हा प्रश्न हाती घेतला. सेलम येथील ऑरेगन राज्य रुग्णालयाच्या (‘वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट’ या १९७५ च्या चित्रपटाचे चित्रण झालेली वास्तू ती हीच) प्रतीक्षायादीतील आरोपी कित्येक आठवडे, प्रसंगी महिने तुरुंगात खितपत असत. त्यांना ७ दिवसांच्या आत रुग्णालयात घ्यावे, हा आदेश न्यायालयाने कायम केला. ज्या हेतूने माणसाला अडकवून ठेवले तो हेतू जेथे साधतच नाही तेथे त्याला ठेवणे अन्यायाचे होय, ही त्यामागील विचारसरणी निर्दोष आहे. निर्णयाचे उणेपण अन्यत्र आहे. त्याने दिवस मोजले, खाटा मोजल्या नाहीत.

खाटा वाढल्या नाहीत तर एका रांगेस दिलेला अग्रक्रम दुसऱ्या रांगेच्या पदरचा असतो. संघीय न्यायाधीश मायकेल मॉसमन यांच्या सप्टेंबर २०२२ च्या आदेशाने हे उघड झाले. त्यान्वये आरोपींच्या वास्तव्यास मर्यादा पडल्या : किरकोळ गुन्ह्यांसाठी ९० दिवस, गंभीर गुन्ह्यांसाठी ६ महिने, हिंसक स्वरूपाच्या गंभीर गुन्ह्यांसाठी १ वर्ष. त्याचबरोबर कोणताही गुन्हा न करता, केवळ आजाराच्या तीव्रतेमुळे सक्तीने दाखल करावयाच्या रुग्णांस हे दार अपवादानेच उघडे राहिले. अशा रुग्णांचा भार सामान्य रुग्णालयांवर पडला आणि त्यांपैकी काहींनी राज्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली.

आरोपीस राज्याने स्वतः बंदिस्त केले आहे, म्हणून त्याचा हक्क अधिक बळकट, असे समर्थन केले जाते. ते सकृद्दर्शनी पटते. परंतु सक्तीने दाखल होणारा रुग्णही राज्याच्याच आज्ञेने स्वातंत्र्य गमावतो. शिवाय आरोपीस मिळणारा उपचार मुख्यतः न्यायालयात उभे राहण्यापुरता असतो. औषधांच्या जोडीला न्यायाधीश कोण, वकील कोण, याचे पाठ दिले जातात. समर्थ ठरताच त्याची पाठवणी पुन्हा तुरुंगात होते आणि तेथे औषध सुटले की तोच मनुष्य त्याच रांगेत उभा राहतो. म्हणजे सर्वांत दुर्मिळ खाट सर्वांत अल्पजीवी उद्दिष्टासाठी खर्ची पडते.

वॉशिंग्टन राज्यातही २०१५ च्या ट्रूब्लड निकालानंतर हाच अनुभव आला. तेथे अवमानाबद्दलच्या दंडाच्या रकमा कोट्यवधी डॉलरांच्या घरात गेल्या. किरकोळ आरोप असलेल्यांस रुग्णालयाऐवजी वस्तीतच उपचार देणे, किंवा असले खटले मुळातच काढून घेणे, या मार्गांनी रांग आखूड होऊ शकते. पण ते अधिकार बव्हंशी अभियोक्ते व विधिमंडळ यांच्या हाती आहेत आणि मिंक प्रकरणात प्रतिवादी होते ते राज्याचे आरोग्याधिकारी.