शतपत्रांतील ईश्वरी संकेत

लोकहितवादींची ‘शतपत्रे’ १८४८ ते १८५० या काळात ‘प्रभाकर’ पत्रात प्रसिद्ध झाली. इंग्रजांचे राज्य ही ईश्वरी योजना असून अज्ञानात बुडालेल्या लोकांस शहाणे करण्यासाठीच ते आले, हा त्यांतील एक मुख्य विचार होय. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त लोकहितवादींचा कठोर समाचार घेतला; तो सर्वस्वी न्याय्य आहे, असे आम्हांस वाटत नाही. लोकहितवादींची श्रद्धा वाचकास स्वस्थ बसू देत नाही; विद्या मिळवा, आपले दोष टाका, असेच ती बजावते. हा दैववाद नव्हे.

तथापि नागपूरच्या वाचकाचे एवढ्याने समाधान होत नाही. १८५३ साली तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले आणि पुढल्याच वर्षी डलहौसीने त्यांचे राज्य खालसा केले. यातही ईश्वराचा काही हेतू असेल. पण तेवढ्याने डलहौसीचा लोभ न्याय ठरत नाही. ईश्वराच्या हेतूवर विश्वास ठेवणे ही भक्ती. तोच हेतू राज्यकर्त्याच्या प्रत्येक कृत्यास चिकटविणे हा बुद्धीचा आळस. या दोहोंतील अंतर लोकहितवादींनी पुरते राखले नाही, हीच आमच्या मते शतपत्रांची खरी उणीव होय.