चित्रपट आपला, कादंबरी मुलांची

झुंपा लाहिरी यांची ‘द नेमसेक’ ही कादंबरी २००३ साली आली. मीरा नायर यांचा त्याच नावाचा चित्रपट मार्च २००७ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. तुमच्यापैकी अनेकांनी चित्रपट पाहिला असेल, कादंबरी मात्र राहून गेली असेल. ‘गोष्ट एकच, मग पुस्तक कशाला?’ असं वाटत असेल, तर थोडं थांबा. गोष्ट एकच आहे खरी, पण ती कोणाची हे दोन्हीकडे वेगळं आहे.

अशोक आणि अशिमा गांगुली बंगाली असले तरी त्यांचं घर आपल्याला परकं वाटत नाही. आजीनं नाव लिहून पाठवलेलं पत्र पोचत नाही आणि नावाशिवाय बाळाला घरी सोडायला हॉस्पिटल तयार नसतं. बाराव्या दिवशी पाळणा, आत्यानं कानात सांगितलेलं नाव, ही आपली सवडीची रीत. इथे मात्र आधी फॉर्म भरायचा. म्हणून तात्पुरतं ‘गोगोल’ हे नाव पडतं आणि ते त्या मुलाला आयुष्यभर पुरतं.

कादंबरी १९६८ मध्ये, बॉस्टनशेजारच्या केंब्रिजमध्ये सुरू होते. १९६५ च्या कायद्यानं भारतीयांना अमेरिकेची दारं नुकतीच उघडली होती. अशिमाचा एकटेपणा त्या काळाचा आहे: पत्रांची वाट पाहण्याचा, घरचं काही मिळत नाही म्हणून राइस क्रिस्पीज आणि शेंगदाण्यांत कांदा कालवून खाण्याचा. चित्रपटानं हे सगळं १९७० च्या दशकात आणि न्यूयॉर्कला आणलं. त्यामुळे कोलकाता आणि न्यूयॉर्क, दोन्हीकडचे पूल एकमेकांसमोर ठेवता आले. ते दिसतं सुंदर, पण त्या पहिल्या हिवाळ्यांचा सुन्नपणा कमी होतो.

मोठा बदल मात्र केंद्राचा आहे. इरफान खान आणि तब्बू इतकं संयत काम करतात की चित्रपट आईवडिलांचाच होऊन जातो. अशिमाला गाण्याची आवड दिली आहे आणि शेवटी ती गाण्याकडे परतते. कादंबरीत असं काही नाही. तिथली अशिमा घर विकते आणि सहा महिने इथे, सहा महिने तिकडे राहायचं ठरवते. आपल्यातल्या कित्येक निवृत्तांनी हाच हिशेब मांडला आहे.

वडील गेल्यावर चित्रपटातला गोगोल मुंडण करतो. आपल्याला तो लगेच ‘आपला’ वाटतो, डोळे भरून येतात. कादंबरीत तो क्लीव्हलंडला एकटा जातो, मृतदेहाची ओळख पटवतो, वडिलांचं भाड्याचं घर रिकामं करतो. तिथे त्याच्या हाती कुठलाही विधी नाही. मला हे जास्त खरं वाटतं. आपली बरीच मुलं दुःखाला अशीच सामोरी जातील: रीत ठाऊक नसताना, हाताला येईल ते काम करत.

मौशुमीवर तर चित्रपट अन्यायच करतो. कादंबरीनं तिला तिच्या नजरेतलं एक अख्खं प्रकरण दिलं आहे. बंगालीपण आणि अमेरिकनपण या दोन्हींतून सुटण्यासाठी तिनं फ्रेंच जवळ केली, हे तिथे कळतं. पडद्यावर ती जवळजवळ फक्त नवऱ्याला फसवणारी बायको उरते.

दोन तासांत बत्तीस वर्षं बसवायची तर काहीतरी गाळावंच लागतं, हे मान्य. पण काय गाळलं त्यावरून दिग्दर्शिकेचा कल समजतो. आपण सोडलेलं घर, आपला त्याग, आपली न बोललेली माया हे सगळं चित्रपट आपल्याला परत देतो. त्यात समाधान आहे. कादंबरी तेवढी प्रेमळ नाही. ज्यानं काहीच सोडलं नाही, तरीही ज्याला कुठलंच नाव धड आपलं वाटलं नाही, अशा मुलाच्या बाजूनं ती बराच वेळ बोलते.

चित्रपट मुलांना जरूर दाखवा, म्हणजे तुम्ही त्यांना थोडे कळाल. कादंबरी मात्र तुम्ही स्वतः वाचा.