कर्ता कोण? : मेंदूविषयक सुबोध विज्ञानलेखनाचे व्याकरण

1

मेंदू आणि माणसाचे रोजचे वर्तन यांविषयीचे सुबोध लेखन हा गेल्या अर्धशतकात जगभर रुजलेला गद्यप्रकार आहे. अलेक्झांडर लूरिया यांनी एका असामान्य स्मरणशक्तीच्या माणसाची हकीकत 1968 मध्ये ग्रंथरूपाने मांडली. ऑलिव्हर सॅक्स यांचे 'द मॅन हू मिस्टूक हिज वाइफ फॉर अ हॅट' 1985 मध्ये, तर व्ही. एस. रामचंद्रन आणि सँड्रा ब्लेकस्ली यांचे 'फँटम्स इन द ब्रेन' 1998 मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीत अच्युत गोडबोले यांचे 'मनात', सुबोध जावडेकर यांचे 'मेंदूच्या मनात' आणि डॉ. आनंद जोशी व जावडेकर यांचे 'मेंदूतला माणूस' ही याच प्रवाहातील परिचित नावे. अशा पुस्तकांची दखल घेताना समीक्षा बहुधा दोन गोष्टी तपासते : माहिती अचूक आहे का आणि भाषा सोपी आहे का. ही भाषा माणसाची कोणती प्रतिमा घडवते, हा प्रश्न मात्र सहसा बाजूला राहतो. प्रस्तुत निबंधात त्या प्रश्नाचा विचार वाक्यातील कर्त्याच्या अंगाने केला आहे, आणि तुलनेसाठी कन्नड, विशेषतः बेंगळुरूत घडलेले कन्नड मनोविषयक लेखन समोर ठेवले आहे.

वर उल्लेखिलेल्या तिन्ही मराठी शीर्षकांत एक साम्य आहे. 'मनात', 'मेंदूच्या मनात', 'मेंदूतला' ही सर्व रूपे सप्तमीची किंवा सप्तमीपासून साधलेली आहेत. मन आणि मेंदू ही येथे स्थळे आहेत, वाचकाने आत शिरून पाहण्याची. 'मेंदूतला माणूस' या शीर्षकात एक मिश्किल उलथापालथही आहे. व्यवहारात मेंदू माणसात असतो, येथे माणूस मेंदूत आहे. या प्रकारच्या लेखनाचे आकर्षण आणि त्याची जोखीम ही दोन्ही या उलथापालथीत सामावली आहेत. स्थळ म्हणून आलेला मेंदू पुढे वाक्याचा कर्ता केव्हा होतो, हे वाचकाच्या सहज लक्षात येत नाही.

2

मराठीत भावना, स्मरण, इच्छा, भूक यांविषयी बोलताना माणूस बहुधा चतुर्थीत असतो. 'मला राग आला', 'मला आठवते', 'मला भूक लागली', 'मला जावेसे वाटते'. राग येतो, भूक लागते. माणूस त्यांचा निर्माता नसतो, पण ज्याला ते होते तो तोच असतो. कन्नडची रचना याला फार जवळची आहे : 'ननगे कोप बंतु' म्हणजे 'मला राग आला', 'ननगे नेनपिदे' म्हणजे 'मला आठवण आहे'. दोन भाषा दोन वेगळ्या कुळांतील असूनही अनुभवाचे वाक्य त्या एकाच साच्यात घडवतात. कॉलिन मसिका यांनी 1976 मध्ये दक्षिण आशियाचा भाषिक प्रदेश म्हणून विचार केला, तेव्हा त्यांनी तपासलेल्या वैशिष्ट्यांत ही रचनाही होती.

मराठी अनुभवाला शरीरातले ठावही देते. काळजात धस्स होते, पोटात कालवते, डोक्यात तिडीक जाते. मात्र या वाक्प्रचारांत अवयव हा घटनेचा ठाव आहे, तिचा कर्ता नव्हे. याला खरा अपवाद मनाचा. 'त्याच्या मनाने घेतले', 'मन मानत नाही' असे आपण म्हणतो आणि तेथे मन कर्ता असते. पण या कर्त्याशी बोलता येते. रामदासांच्या मनाच्या श्लोकांत मन संबोधनात येते, त्याला समजावता येते, दटावताही येते. हरिदासांच्या कन्नड पदांतही मनाची झडती घेण्याची रीत आहे. मेंदूला मात्र कोणी हाक मारीत नाही. म्हणून मनाच्या जागी मेंदू आला की केवळ जुन्या शब्दाच्या जागी नवा शब्द येत नाही. माणूस आणि त्याचा अंतर्भाग यांच्यातील संवादाचा संबंधच वाक्यातून निघून जातो.

3

सुबोध लेखनात रूढ झालेले 'मेंदू ठरवतो', 'मेंदू आपल्याला फसवतो', 'मेंदूला गोष्टी आवडतात' हे वळण इंग्रजी वाक्यांच्या सहवासातून दृढ झाले आहे. मॅक्स बेनेट हे चेताशास्त्रज्ञ आणि पीटर हॅकर हे तत्त्वज्ञ. या दोघांनी 2003 मध्ये अशा वाक्यांवर मूलभूत आक्षेप घेतला : जे धर्म संपूर्ण माणसाचे आहेत, ते त्याच्या एका अंशाला लावले जातात. विचार माणूस करतो. मेंदूवाचून तो करू शकत नाही, हे खरे असले तरी त्यामुळे मेंदू विचार करणारा ठरत नाही. हा आक्षेप सर्वांना मान्य नाही. सोय म्हणून केलेली लक्षणा तर्कदोष कशी ठरेल, असा प्रतिप्रश्न करता येतो आणि तो रास्तही आहे. म्हणून लक्षणा सरसकट त्याज्य न मानता ती कोठे अर्थाची हानी करते, हे उदाहरणाने पाहणे अधिक उपयुक्त.

बेंजामिन लिबेट यांचा 1983 चा प्रयोग या लेखनात वारंवार येतो. प्रयोगातील व्यक्तींनी मनात येईल तेव्हा हात किंवा बोट हलवायचे होते आणि तशी ऊर्मी केव्हा जाणवली, ते फिरत्या खुणेच्या घड्याळावरून सांगायचे होते. ही जाणीव प्रत्यक्ष हालचालीच्या सुमारे 0.2 सेकंद आधी नोंदली गेली. मेंदूतील पूर्वतयारीचे विद्युत्-चिन्ह मात्र त्याहूनही सुमारे एक तृतीयांश सेकंद आधी दिसू लागले होते. 'तुम्ही ठरवण्याआधीच मेंदूने ठरवलेले असते' असा याचा लोकप्रिय सारांश केला जातो. पण सहभागी व्यक्तींना विचारले होते ते ऊर्मीविषयी. मराठीत 'हलवावेसे वाटले' आणि 'हलवायचे ठरवले' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिल्यात माणूस चतुर्थीत आहे, दुसऱ्यात तो कर्ता आहे. प्रयोगाने मोजले ते पहिले, सारांशात आले ते दुसरे. ॲरन शर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये दाखवले, की ते विद्युत्-चिन्ह म्हणजे आधीच झालेला निर्णय असे मानण्याचे कारण नाही. मेंदूतील क्रियेचे यादृच्छिक चढउतार एक मर्यादा ओलांडतात तेव्हा हालचाल घडते, असे मानूनही त्या चिन्हाची उपपत्ती लावता येते. मराठी लेखकाने स्वभाषेतील 'वाटणे' हे क्रियापद विश्वासाने वापरले असते, तर या शंकेची जागा त्याच्या वाक्यात आधीपासूनच राहिली असती. येथे भाषेचे वळण हे केवळ शैलीचे अंग नसून आकलनाचे साधन ठरते.

याउलट डॅनियल काहनेमन यांनी 2011 च्या 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' मध्ये विचाराच्या दोन व्यवस्थांना पात्रांसारखे वागवले, पण ही पात्रे कल्पित आहेत, असे वाचकाला स्पष्ट सांगितले. व्यक्तिरूप देणे हा दोष नव्हे. निवेदकाने ते व्यक्तिरूप आहे हे लपवणे, हा दोष होय.

4

या पार्श्वभूमीवर बेंगळुरूचे उदाहरण लक्षणीय ठरते. 'राशि' या नावाने लिहिणारे डॉ. एम. शिवराम हे या शहरातील वैद्यक व्यावसायिक. त्यांनी 1942 मध्ये 'कोरवंजी' हे विनोदी मासिक सुरू केले आणि ते 1967 पर्यंत चालले. त्याच लेखकाच्या 'मनमंथन' या मनोविकारविषयक अभ्यासग्रंथाला 1976 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मनाच्या आजारांविषयीचे गद्य ही साहित्यकृती असू शकते, हे कन्नडमध्ये त्या वर्षी संस्थात्मक पातळीवर मान्य झाले. माणसाच्या रोजच्या विसंगतींचे विनोदकाराने केलेले निरीक्षण आणि डॉक्टरचे निरीक्षण एकाच लेखणीत येणे हा केवळ योगायोग मानता येणार नाही. दोघांच्याही लक्ष्यस्थानी अवयव नसतो, वागणारा माणूस असतो. शीर्षकही वेगळे आहे. 'मंथन' हे स्थळ नव्हे, ती क्रिया आहे. ती करणाराही कोणी असावा लागतो.

याच शहरात अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था 1954 मध्ये स्थापन झाली आणि 1974 मध्ये तिचे व मनोरुग्णालयाचे एकत्रीकरण होऊन 'निम्हान्स' आकाराला आले. या संस्थेत अध्यापन केलेले डॉ. सी. आर. चंद्रशेखर यांनी मानसिक आरोग्यावर कन्नडमध्ये विपुल सुबोध लेखन केले. निम्हान्सच्या मेंदू-संग्रहालयात जतन केलेला मानवी मेंदू पाहता येतो, हातातही घेता येतो. एकाच संस्थेच्या आवारात मेंदू वस्तू म्हणून हातावर असतो आणि बाह्यरुग्ण विभागात माणूस 'मला झोप येत नाही' असे चतुर्थीतले वाक्य घेऊन येतो. सुबोध लेखनाला या दोहोंमधले अंतर पार करायचे असते. ते पुसून टाकायचे नसते.

5

हा वाद केवळ व्याकरणाचा नाही. मानसिक आजाराचे कारण जैविक आहे, असे सांगितल्याने रुग्णाला लागणारा दोष कमी होतो, हे अशा लेखनामागचे प्रामाणिक प्रयोजन आहे. क्वाले, हॅस्लम आणि गॉटडीनर यांनी 2013 मध्ये प्रयोगाधारित अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा दोष देण्याची प्रवृत्ती खरोखरच कमी झालेली आढळली. त्याचबरोबर रुग्ण बरा होईल ही आशाही उणावलेली दिसली. 'मेंदूत बिघाड आहे' या वाक्याने माणूस निर्दोष ठरतो, पण तो वाक्याबाहेरही जातो. ज्याला दोष नाही त्याच्याकडे कर्तेपणही उरत नाही. 'त्याला आजार झाला आहे' हे साधे मराठी वाक्य या पेचातून बऱ्याच अंशी सुटलेले आहे. ते दोष देत नाही, आणि माणसाला नाहीसाही करीत नाही.

मराठीतील मेंदूविषयक लेखनाने मोठा वाचकवर्ग घडवला आणि कठीण विषय घराघरांत नेला, हे त्याचे ऋण मान्य करावेच लागेल. त्याच्या समीक्षेने आता तथ्यांच्या यादीपलीकडे जाऊन वाक्यांकडे पाहायला हवे : मेंदू कोठे स्थळ आहे, कोठे साधन आहे, कोठे तो कर्ता बनला आहे आणि त्या कर्तेपणाला कोणता पुरावा आहे. भारतीय भाषांतील अशा लेखनाचा तौलनिक अभ्यास झाला, तर विज्ञान या भाषांत कसे उतरले एवढेच त्यातून कळणार नाही. ज्या भाषांत राग 'येतो' आणि आठवण 'होते', त्या भाषांकडे मेंदूविज्ञानाला अधिक नेमके मांडण्याचे कोणते सामर्थ्य आहे, हेही त्यातून स्पष्ट होईल.