दात्याचा माग : जिल्हा दिसतो, गाव दिसत नाही

माकुणसारसारख्या गावातल्या वाचनालयाला खोली बांधायची असली की शोध ओळखीपाळखीने सुरू होतो. बोईसर-तारापूरच्या कारखान्यात कोण आपला माणूस आहे, हे आधी विचारले जाते. कोणी कोणाला काय दिले हे कागदांवरून शोधावे, असे सहसा सुचत नाही. हा दोष गावाचा कमी आणि कागदांचा अधिक आहे.

अमेरिकेत खासगी धर्मादाय प्रतिष्ठानाला दरवर्षी ९९०-पीएफ हे करविवरण भरावे लागते. त्यात अनुदान घेणाऱ्याचे नाव, रक्कम व प्रयोजन असते आणि ते कोणालाही पाहता येते. आपल्याकडे आयकर कायद्याखाली दात्याला सवलत मिळते. देणग्यांचा तपशील संस्था आयकर खात्याला कळवते, तो खात्यापाशीच राहतो. सवलतीचा भार सार्वजनिक, नोंद मात्र खासगी!

१९५०च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात हिशेब दाखल होतात. ते शुल्क भरून पाहता येतात. पण नवव्या अनुसूचीत खर्चाची सदरे शैक्षणिक, वैद्यकीय, दारिद्र्यनिवारण अशी. घेणाऱ्याच्या नावाचा रकाना नाही.

उरतो २०१३चा कंपनी कायदा. ५०० कोटींचे नक्त मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, यांपैकी एक अट पुरी करणाऱ्या कंपनीने सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चायचे असतात. म्हणून तारापूर औद्योगिक वसाहतीतले लहान कारखाने सुटतात, मोठ्यांची नोंद मुख्य कार्यालयाच्या अहवालात शोधावी लागते. २०२१च्या नियमांतील नमुन्यात प्रकल्प, जिल्हा आणि राबवणारी संस्था यांचे तक्ते होते. सप्टेंबर २०२२च्या दुरुस्तीने ते तक्ते अहवालाच्या नमुन्यातून गेले. म्हणून २०२०-२१ व २०२१-२२चे अहवाल अभ्यासकाला अधिक उपयोगी. त्याआधीच्या नोंदी चाळताना ध्यानात ठेवावे, की १ ऑगस्ट २०१४पूर्वी पालघर हा ठाणे जिल्ह्याचा भाग होता.

कलम १३५ कंपनीला आपल्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगते. पण जिल्ह्याच्या नावात बोईसरही येते, जव्हार-मोखाडाही आणि माकुणसारही. गावाची नोंदच नसेल, तर प्राधान्य पाळले की नाही हे पडताळायचे कसे? कायद्याने कर्तव्य सांगितले, पडताळणीची सोय केली नाही. रकान्यात गावाचे नाव घालायला एक ओळ पुरेल. तोवर वाचनालयाच्या चालकांनी अर्ज लिहिण्याआधी निदान हे जुने तक्ते वाचावेत. साहेबाच्या ओळखीपेक्षा त्यांचा आधार पक्का आहे.