पडद्याआडचा घाव

शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’विषयी एक आक्षेप नेहमी घेतला जातो : हा राजपुत्र विचार फार करतो, कृती करीत नाही. इ.स. १६०० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या या नाटकाचा तिसरा अंक वाचताना मात्र आम्हांला वाटते, की त्याचा घात विलंबापेक्षा उतावीळपणाने अधिक केला.

या अंकातील लागोपाठचे दोन प्रवेश शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्यात, भावाची हत्या करून राजा झालेला क्लॉडियस गुडघे टेकून प्रार्थना करू पाहतो. मागे हॅम्लेट तलवार उपसून उभा आहे. तरी तो हात आवरतो. त्यात दया नाही. आपला पिता पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद आणि अंत्यविधीचे अभ्यंजन यांवाचून गेला. मग त्याच्या मारेकऱ्याला प्रार्थनेच्या घडीला मरून स्वर्ग का मिळावा? पापात रमलेला असतानाच त्याला गाठायचे, असे तो ठरवतो. परमेश्वराच्या न्यायासनावर बसण्याचा हा मोह आहे. इकडे क्लॉडियसची प्रार्थना वरपर्यंत पोहोचतच नाही. कारण पापाने मिळवलेला मुकुट आणि राणी सोडण्याची त्याची तयारी नसते.

दुसऱ्या प्रवेशात हॅम्लेट आईच्या दालनात आहे. ती भयाने ओरडते, पडद्याआडून कोणी साद देते, आणि कोण आहे हे न पाहताच तो पडद्यातून तलवार खुपसतो. मरतो तो वृद्ध मंत्री पोलोनियस. चोरून ऐकण्याचा दोष त्याचा खराच. पण त्याची शिक्षा मरण नव्हती. ज्या मरणासाठी हॅम्लेट आक्रोश करीत होता, तेच पूर्वतयारीविना आलेले मरण त्याने दुसऱ्याच्या पित्याला दिले. पश्चात्तापाचे चार शब्द तो बोलतो खरा. परंतु प्रेत पायाशी असताना आईला उपदेशही करीत राहतो.

येथून नाटक फिरते. ओफिलियाला वेड लागते, ती बुडून मरते. तिचा भाऊ लेअर्टिस पित्याच्या सुडासाठी पेटून उठतो. चर्चमध्येही हॅम्लेटचा गळा चिरायला तो सिद्ध आहे. हॅम्लेट आता स्वतःच कोणाचा तरी क्लॉडियस झाला आहे! नाटक संपेपर्यंत आणखी सात जीव जातात.

गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ साली या नाटकाच्या मराठी अवताराला ‘विकारविलसित’ हे नाव दिले. ते किती मार्मिक आहे, हे या प्रवेशापाशी कळते. विवेकाचा पुतळा म्हणवला जाणारा माणूसही एका क्षणात विकाराच्या हाती जातो.

अखेरीस विषाने मरणारे हॅम्लेट आणि लेअर्टिस एकमेकांना क्षमा करतात. सुडाला जे साधले नाही, ते क्षमा दोन वाक्यांत साधते. ती वेळेवर का सुचत नाही, हा प्रश्न एल्सिनोरच्या राजवाड्यापुरता नाही. घराघरांतील जुन्या वैरांनाही तो विचारावा लागेल.