‘शांतता! कोर्ट चालू आहे’ : बेणारेच्या स्वगताचे स्थान आणि मौनाचा अर्थ

प्रस्तावना :

विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे तीन अंकी नाटक मराठी रंगभूमीच्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा मानले जाते. १९६७ मध्ये अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ‘रंगायन’ने ते सादर केले. लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी साकारली. १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपट केला. पुढे अनेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत या नाटकाचा समावेश झाला. या अध्यापनपरंपरेत तिसऱ्या अंकातील बेणारेचे दीर्घ स्वगत ‘स्त्रीचा विद्रोही उद्गार’ म्हणून शिकविले जाते. हे वर्णन अंशतः योग्य असले, तरी हा उद्गार कोणासमोर उच्चारला जातो, या प्रश्नाकडे त्यात दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखात स्वगताचे नाटकाच्या रचनेतील नेमके स्थान तपासून बेणारेच्या मौनाचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला आहे.

खेळ आणि खटला :

मुंबईतील एक हौशी नाटकमंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी एका खेड्यात येते. रात्रीच्या प्रयोगात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांसंबंधी खटला चालवायचा असतो. मधला वेळ घालविण्यासाठी आणि स्थानिक तरुण सामंत याला न्यायालयाच्या कामकाजाची कल्पना यावी म्हणून एक लुटुपुटीचा खटला उभा केला जातो. आरोपी म्हणून शिक्षिका असलेल्या बेणारेची निवड होते आणि तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. आरंभी थट्टेचा असलेला हा आरोप हळूहळू तिच्या खाजगी आयुष्याची उलटतपासणी बनतो.

येथे पुराव्याचे स्वरूप लक्षणीय आहे. सामंत हा मुळात सरळ मनाचा. साक्ष देताना तो हातातील कादंबरीतील मजकूर वापरतो आणि ही कल्पित साक्ष न्यायालय गंभीरपणे स्वीकारते. पोंक्षे, कर्णिक व रोकडे यांच्या साक्षी तर बेणारेने विश्वासाने किंवा अगतिकतेने जे सांगितले वा मागितले, त्याचाच तिच्याविरुद्ध वापर करतात. ज्यांच्याशी तिच्या गरोदरपणाचा संबंध आहे, ते प्रा. दामले मात्र अनुपस्थित आहेत. ते येत नाहीत आणि त्यांना आरोपी करावे असे कोणालाही वाटत नाही. ही अनुपस्थिती हाच या न्यायव्यवस्थेचा खरा पाया आहे.

स्वगताचे स्थान :

खटल्याच्या अखेरीस न्यायाधीश काशीकर आरोपीला बोलण्यासाठी अवघ्या दहा सेकंदांचा अवधी देतात. याच क्षणी प्रकाशयोजना बदलते, इतर सर्व पात्रे निश्चल होतात आणि बेणारे बोलू लागते. कोवळ्या वयातील मामाशी जडलेले संबंध, प्रौढपणी एका विद्वानावर केलेले प्रेम, दोन्ही वेळी झालेली फसवणूक, देहाविषयीचा राग आणि आसक्ती, हे सारे या स्वगतात येते. मात्र प्रकाश पूर्ववत होताच ती होती तशीच निश्चल दिसते. अवधी संपला असून आरोपीला काही सांगायचे नाही, असेच न्यायासन गृहीत धरते.

याचा अर्थ असा की, न्यायालयाच्या दृष्टीने बेणारे एक शब्दही बोललेली नाही. तिचे बोलणे कामकाजाच्या नोंदीत नाही, तसेच तेथे उपस्थित असलेल्या एकाही पात्राच्या कानी पडलेले नाही. ते ऐकतो तो केवळ प्रेक्षक. म्हणून या स्वगताला न्यायालयासमोरील बचाव म्हणणे योग्य ठरत नाही.

हे स्वगत अतिभावविवश आहे, असा आक्षेप घेता येण्यासारखा आहे. पण तो घेताना ते जगासमोर केलेले भाषण आहे असे गृहीत धरले जाते. ज्या व्यक्तीला प्रत्यक्षात बोलू दिले जात नाही, तिच्या मनातील ही उसळी आहे असे मानल्यास त्यातील विस्कळीतपणा व परस्परविरोध रचनेशी सुसंगत ठरतात.

निकालातील विसंगती :

निकालही याच दृष्टीने वाचावा लागतो. भ्रूणहत्येसाठी भारतीय दंडविधानाचे कलम ३०२ सांगितले जाते. वस्तुतः ते कलम खुनाच्या शिक्षेचे होते. गर्भपाताचा अपराध कलम ३१२ मध्ये येत असे. हौशी वकिलीची ही चूक हास्यास्पद असली, तरी तिच्या आधारे दिलेली शिक्षा भयंकर आहे. बेणारेने जगावे, पण तिच्या पोटातील गर्भ नष्ट करावा, असा हा निकाल आहे. ज्या कृत्याचा आरोप, त्याच कृत्याची शिक्षा! वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ मध्ये संमत झाला व १९७२ पासून अमलात आला. त्यामुळे १९६७ मध्ये, स्त्रीचा जीव वाचविण्याचा अपवाद वगळता, अशी कृती कायद्याने गुन्हाच होती. नीतीच्या नावाने बसलेले न्यायालय स्वतःच गुन्ह्याचा आदेश देते.

निकालानंतर बेणारेच्या तोंडून जो तीव्र नकार बाहेर पडतो, तो मात्र सर्वांना ऐकू येतो. स्वतःविषयी जे सांगायचे ते अश्रुत राहते आणि मुलासाठीचा नकार उघडपणे उमटतो, हा भेद महत्त्वाचा आहे. तरीही त्या नकाराचा परिणाम होत नाही. गावकरी प्रयोगाची चौकशी करीत दारात येताच मंडळी तयारीला लागतात आणि हा सारा खेळच होता, असे तिला समजावतात. फक्त सामंत हिरवा कापडी पोपट तिच्याजवळ ठेवून जातो. नाटकातील करुणेची ही एकमेव कृतीही शब्दाविना घडते.

निष्कर्ष :

१) बेणारेचे स्वगत न्यायालयीन बचाव नसून नोंदीबाहेर राहिलेला उद्गार आहे.

२) शीर्षकातील ‘शांतता’ हा केवळ न्यायालयीन पुकारा नाही. आरोपीवर लादलेल्या मौनाचे ते नाव आहे.

३) स्वगत ऐकणारा प्रेक्षक हाच एकमेव साक्षीदार ठरतो. त्यामुळे त्याला तटस्थ राहता येत नाही.

बेणारेला केवळ ‘विद्रोही नायिका’ ठरविल्यास तिने बोलून दाखविले, एवढ्या समाधानावर वाचक थांबतो. तिचे बोलणे कोणीही ऐकले नाही, हे वर्गात सांगितले गेले, तरच या नाटकाची अस्वस्थता विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचेल.